हिवाळा सरताना लेक फोर्कवर बास पकडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलसच्या परिसरात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींचे बालपण खाडीकाठी गरी टाकण्यात किंवा एखाद्या धरणाच्या बॅकवॉटरवर गळ घेऊन बसण्यात गेले, त्यांना फेब्रुवारी लागला की हात शिवशिवल्यासारखे होते. ज्यांनी कधी गळ धरलाच नाही, त्यांनाही शेजारी ट्रकमागे बोट जोडून निघालेला दिसला की कुतूहल वाटते. अशा दोन्ही प्रकारच्या मित्रांनी मला विचारलेले प्रश्न आणि त्यांची मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरे बास हा गोड्या पाण्यातील शिकारी मासा, ईशान्य टेक्सासमधील लेक फोर्क हा तलाव आणि फेब्रुवारी ते मार्च हा काळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

लेक फोर्क हा कसला तलाव आहे?

सबीन नदीला मिळणाऱ्या लेक फोर्क क्रीक या ओढ्यावर धरण बांधून १९८० मध्ये पाणी अडवण्यात आले आणि हा सुमारे २७,००० एकरांचा जलाशय तयार झाला. डॅलसहून पूर्वेला साधारण ७० मैलांवर, म्हणजे मोटारीने दीड तासाच्या अंतरावर तो आहे, आणि डॅलस शहराच्या पाणीपुरवठ्यात या तलावाचाही वाटा आहे. धरण भरण्यापूर्वी खोऱ्यातील झाडे मोठ्या प्रमाणावर न तोडता तशीच ठेवली गेली, त्यामुळे आजही मैलोन्‌मैल वठलेली खोडे पाण्यातून वर डोकावताना दिसतात. माशांना आडोसा मिळावा आणि बोटवाल्यांना धडकी भरावी, अशी ही रचना आहे. तलावात सुरुवातीपासून फ्लोरिडा जातीचे बास सोडण्यात आले. ही जात उबदार पाण्यात झपाट्याने वाढते आणि आकाराने मोठी होते. टेक्सासमधील सर्वांत वजनदार बासचा, १८.१८ पौंडांचा, विक्रम जानेवारी १९९२ मध्ये याच तलावात नोंदवला गेला. तो मासा धरणारे गृहस्थ त्या दिवशी बाससाठी नव्हे, तर क्रॅपी या लहान माशासाठी जिवंत मासोळी लावून बसले होते. लुअरवर, म्हणजे कृत्रिम आमिषांवर, शेकडो डॉलर खर्च करणाऱ्यांनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी.

बास म्हणजे आपला जिताडा का?

नाही. जिताड्याला इंग्रजीत ‘सी बास’ म्हणत असल्यामुळे हा गोंधळ होतो, पण जिताडा हा खाडीत आणि समुद्रात वावरणारा वेगळ्याच कुळातला मासा आहे. येथे ज्याला नुसते ‘बास’ म्हणतात तो लार्जमाउथ बास असून त्याचे कूळ ‘सनफिश’चे आहे, म्हणजे काठावरच्या उथळ पाण्यात मुलांच्या गळाला लागणारा तळहाताएवढा ब्लूगिल हा त्याचा भाऊबंद होय. पाठ हिरवट, पोट पांढरे, कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेला काळसर तुटक पट्टा, आणि जबडा इतका मोठा की तोंड मिटल्यावर त्याचा कोपरा डोळ्याच्याही मागे जातो. हीच त्याची ओळखण्याची खूण आणि हेच त्याच्या नावाचे कारण. स्वभावाने मात्र तो मला आपल्या मरळीच्या जवळचा वाटतो: दबा धरून बसणारा, एका झडपेत भक्ष्य गिळणारा आणि पिल्लांची राखण करणारा. जाता जाता एक सूचना करतो. मरळीच्या कुळातले मासे अमेरिकेत उपद्रवी ठरवण्यात आले असून ते जिवंत बाळगणे टेक्सासमध्ये बेकायदा आहे, तेव्हा घरामागच्या तळ्यात मरळ पाळण्याचा विचार कोणी मनात आणू नये.

‘वसंताची सुरुवात’ म्हणजे नेमकी कोणती तारीख धरावी?

कोणतीही धरू नये, आणि या सर्व उत्तरांतून मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच आहे. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार किंवा ऊबदार असते. त्याची भूक, हालचाल, पचन आणि वीण हे सारे पाण्याच्या तापमानावर चालते. एखाद्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच पाणी अनुकूल होते, तर एखाद्या वर्षी मार्च अर्धा उलटला तरी होत नाही. म्हणून “मागच्या वर्षी याच शनिवारी सात लागले होते” या हिशेबाने निघणारा माणूस बहुधा हात हलवत परततो.

स्थूलमानाने असे सांगता येईल. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या खाली असते तेव्हा बास खोल पाण्यात मंद पडून असतो आणि फारसा पाठलाग करत नाही. ५० च्या वर गेले की तो हलू लागतो. ५५ ते ६० या पट्ट्यात माद्यांच्या पोटात अंडी भरत आलेली असतात, त्यांना खाणे हवे असते, आणि वर्षातील सर्वांत वजनदार मासे याच दिवसांत लागतात. पाणी ६० च्या वर स्थिरावले की नर उथळ जागी घरटी करू लागतात आणि साधारण ६५ च्या आसपास वीण भरात येते. लेक फोर्कसारख्या मोठ्या तलावात हे सर्व एकाच दिवशी सर्वत्र घडत नाही. वरच्या टोकाच्या उथळ कोव्हमध्ये, म्हणजे काठात आत शिरलेल्या पाण्याच्या फाट्यात, घरटी झालेली असतात, तेव्हा धरणाजवळच्या खोल, स्वच्छ पाण्यातले मासे हिवाळ्याच्याच मुक्कामावर असू शकतात.

तापमान मोजायचे कसे?

बोटीवरील यंत्राच्या पडद्यावर तापमान दिसते, परंतु ते पृष्ठभागाचे असते, आणि उन्हाच्या दुपारी पृष्ठभाग फसवतो. काठावरून मासेमारी करणाऱ्याने स्विमिंग पूलसाठी मिळणारा साधा तापमापक तंगूसला, म्हणजे गळाच्या दोरीला, बांधून तीन-चार फूट खोल सोडावा आणि दोन मिनिटांनी ओढून पाहावा. त्यासाठी पाच-दहा डॉलरांपेक्षा जास्त खर्च येत नाही. माझ्या पेटीतील सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असे विचारले तर मी तोच काढून दाखवतो.

त्याशिवाय हवामानाच्या अंदाजात दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा रात्रीचे किमान तापमान पाहण्याची सवय लावावी. दिवसा ७५ अंश आणि रात्री ३५, असे असेल तर दिवसभरात पाण्याने मिळवलेले रात्रीत निघून जाते. याउलट ढगाळ, दमट, दक्षिणेचे वारे असलेल्या सलग तीन रात्री ५५ च्या वर राहिल्या, तर मी शुक्रवारी सुट्टी टाकतो.

पहाटे किती वाजता पोहोचावे?

उन्हाळ्यात पहाट गाठावीच लागते, मात्र या दिवसांत तिची मुळीच गरज नाही. रात्रभर गार झालेले उथळ पाणी सूर्य वर आल्यावर हळूहळू तापते आणि दुपारी एक ते संध्याकाळी पाच या वेळात ते दिवसातील सर्वांत ऊबदार असते. दोन-तीन अंशांचा हा फरक आपल्याला नगण्य वाटला तरी माशाला तो जाणवतो. घरी पोहे खाऊन, मुलांना शनिवारच्या मराठी शाळेत सोडून निघालात तरी काही बिघडत नाही. अर्थात मोठा मासा कोणत्याही वेळी लागू शकतो. मी सांगतो तो कल आहे, कायदा नव्हे.

एवढ्या मोठ्या तलावात मासे शोधायचे कुठे?

बासचा हा प्रवास पालखीसारखा असतो. निघण्याचे ठिकाण ठरलेले, पोहोचण्याचे ठिकाण ठरलेले आणि वाटेतले मुक्कामही ठरलेले. हिवाळ्यात तो मुख्य तलावातील खोल जागी, बुडालेल्या ओढ्यांच्या जुन्या पात्रांच्या कडेला असतो, आणि वीण करायची असते कोव्हच्या टोकाला, दोन ते चार फूट पाण्यात. या दोहोंमधली वाट तो सहसा जुन्या पात्राच्या कडेकडेनेच कापतो, कारण तेथे एका बाजूला खोली आणि दुसऱ्या बाजूला उथळ असते. थंडी परतली तर त्याला चार हातांवर खोल पाणी मिळते.

म्हणून नकाशावर प्रथम कोव्हचे तोंड पाहावे. तेथे जमिनीची जी टोके पाण्यात शिरलेली असतात, तो पहिला मुक्काम. आत शिरल्यावर दोन्ही काठांवर जी लहान टोके लागतात, तो दुसरा, आणि माझ्या मते फेब्रुवारी अखेरीस सर्वांत भरवशाचा. त्याहून आत हायड्रिला या पाणवनस्पतीचे उरलेसुरले गालिचे आणि लव्हाळे असतात. पाणवनस्पती जेथे संपतात ती कड, आणि त्या कडेतही जेथे खाच किंवा टोक असेल ती जागा, हिच्यावर दहा-पंधरा वेळा गळ फेकल्याशिवाय पुढे जाऊ नये. लिटल केनी क्रीकच्या बाजूचे कोव्ह या अभ्यासासाठी चांगले आहेत. गर्दीही तेथे तशीच असते.

दिशेचाही विचार करावा. तलावाच्या उत्तर आणि वायव्य बाजूच्या काठांना दक्षिणेकडचे ऊन दिवसभर मिळते आणि उत्तरेचा बोचरा वारा त्यांच्यावरून निघून जातो, म्हणून तेथील पाणी आधी तापते. गढूळ पाणी स्वच्छ पाण्यापेक्षा लवकर तापते. दगड ऊन धरून ठेवतात, त्यामुळे धरणाच्या आणि पुलांच्या भरावावरील दगडी पिचिंग या काळात फार कामाचे ठरते. ऊबदार पावसानंतर ओढ्यांतून आत येणारे पाणी तलावापेक्षा गरम असेल तर माशांची तेथे रीघ लागते, आणि गार असेल तर तो कोव्ह दोन दिवस सोडून द्यावा.

माझ्याकडे बोट नाही. मग जाण्यात अर्थ आहे का?

आहे. किंबहुना वर्षातील हाच काळ काठावरच्या माणसाचा आहे, कारण एरवी खोल पाण्यात असणारे मोठे मासे आता आपणहून काठाकडे येतात. लेक फोर्कवर महामार्ग १५४ च्या पुलाजवळचे पिचिंग अशा वेळी पाहण्यासारखे असते. मात्र तलावाचा बराचसा काठ खासगी मालकीचा आहे, त्यामुळे कुंपण ओलांडण्यापूर्वी चौकशी करावी. टेक्सासमध्ये या बाबतीत कोणी गंमत खपवून घेत नाही.

काठावरूनच सुरुवात करायची असेल तर मी डॅलसच्या उत्तरेकडील रे रॉबर्ट्स तलावाचे राज्य उद्यान सुचवतो. टेक्सासच्या राज्य उद्यानात काठावरून मासे धरण्यास परवाना लागत नाही, केवळ उद्यानाचा प्रवेश भरावा लागतो. हा तलाव दुय्यम आहे असेही समजू नये. बास मासेमारीतील सर्वांत मानाची स्पर्धा समजली जाणारी बासमास्टर क्लासिक मार्च २०२५ मध्ये याच पाण्यावर झाली होती.

रॉड, रील आणि तंगूस कोणते घ्यावे?

सुरुवातीला सात फुटांचा मध्यम ताकदीचा एक रॉड, त्यावर स्पिनिंग रील आणि दहा पौंडी तंगूस एवढे पुरेसे आहे. बेटकास्टिंग रील हे पुढचे पाऊल आहे. त्याने अचूक फेकता येते आणि जाड, पंधरा-सतरा पौंडी फ्लुरोकार्बन तंगूस वापरून झाडाझुडपांतून मासा ओढून काढता येतो, परंतु अंगठ्याने फिरकीला वेळीच लगाम घालण्याचे तंत्र जमेपर्यंत दर तिसऱ्या फेकीला तंगूसचे सुगरणीच्या घरट्यासारखे भेंडोळे होते. ते सोडवत बसण्यात माझा एक अख्खा फेब्रुवारी गेला. अंगणातील गवतावर आठ दिवस सराव करून मगच पाण्यावर जावे.

आमिष कोणते वापरावे?

पहिल्या वर्षी एका दुकानदाराच्या आग्रहावरून मी एकोणीस प्रकारची आमिषे घेऊन आलो होतो. त्यांपैकी सोळा अजून पाकिटात आहेत. या काळासाठी तीन पुरतात.

पहिले म्हणजे तोंडाशी ओठासारखी पट्टी नसलेला, माशाच्या आकाराचा, चपटा, आत खुळखुळणारे छर्रे असलेला क्रँकबेट, अर्धा औंस वजनाचा आणि लाल रंगाचा. लाल का, याचे उत्तर तलावाच्या तळाशी आहे. थंडी ओसरताना क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातील लहान शेवंडासारखे दिसणारे नांगीवाले प्राणी, बिळांतून बाहेर पडू लागतात, त्यांच्या अंगावर लालसर-नारिंगी झाक असते आणि बासला ते फार आवडतात. बुडालेल्या हायड्रिलाच्या शेंड्यांवरून हा लुअर ओढत आणायचा, तो वनस्पतीत अडकू द्यायचा आणि मग मनगटाच्या एका हिसक्याने सोडवायचा. दहापैकी नऊ झडपा त्या सुटण्याच्या क्षणीच पडतात. वनस्पतीतून अचानक काहीतरी निसटून पळाले, एवढेच माशाला कळते आणि विचार करायला त्याला वेळ मिळत नाही.

दुसरे म्हणजे जर्कबेट. हा बोटभर लांब, सडपातळ, मासोळीसारखा लुअर दोन झटके दिले की पाण्यात तिरपा पळतो आणि थांबवला की बुडत नाही, वरही येत नाही, जागीच तरंगत राहतो. गार पाण्यात अर्धमेली शॅड मासोळी अशीच लटकलेली दिसते. येथे झटक्यापेक्षा विराम महत्त्वाचा आहे. पाणी ५० च्या आसपास असेल तर मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत, ५८ असेल तर तीन-चार पुरतात. तरुण मुलांना हे आमिष आवडत नाही, याचे कारण सांगायला नको.

तिसरे म्हणजे जिग, अर्थात शिशाच्या डोक्याच्या गळावर रबरी झालर आणि मागे प्लॅस्टिकच्या नांग्या. झाडाच्या बुंध्याशी, पिचिंगच्या फटींत तो टाकायचा आणि तळावरून सरपटत आणायचा. याला लागणारे मासे संख्येने कमी, पण वजनाने मोठे असतात. जिवंत मासोळी लावूनही बास लागतो आणि ते कायदेशीर आहे. तो मार्ग पत्करणाऱ्याला कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही.

मासा लागला हे कळते कसे? मला तर काहीच जाणवत नाही.

खाडीतल्या गरीला बसणाऱ्या हिसक्याची सवय असलेल्यांची येथे फसगत होते. गार पाण्यातील बास जिग चोरासारखा तोंडात घेतो. कधी एक बारीक ‘टक्’ जाणवते, कधी तेही नाही, फक्त तंगूस आडवी सरकू लागते किंवा दुसऱ्या टोकाला ओले फडके अडकल्यासारखे जड वाटते. तंगूस जेथे पाण्यात शिरते त्या बिंदूवर नजर ठेवावी आणि शंका आली की रॉड उचलावा. झाडावर गळ अडकला असेल तर अडकला. क्रँकबेटच्या बाबतीत मात्र उलटे करावे: झडप बसली की जोरात हिसका न देता फक्त रॉड बाजूला झुकवून गुंडाळत राहावे, कारण त्याचे तीन टोकांचे बारीक गळ हिसक्याने ओठ फाडून बाहेर येतात.

शनिवारी छान ऊन पडले होते, आकाश निळेभोर होते, तरी एकही मासा लागला नाही. असे का?

बहुधा त्या निळ्या आकाशामुळेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेक्सासवर उत्तरेकडून थंड हवेचे लोट येतात. लोट येण्यापूर्वीचे काही तास ढगाळ, ऊबदार आणि वाऱ्याचे असतात आणि तेव्हा मासे वेड लागल्यासारखे खातात. लोट येऊन गेला की हवेचा दाब चढतो, आकाश स्वच्छ होते, आपल्याला सहलीला जावेसे वाटते आणि उथळ पाण्याचे तापमान एका रात्रीत पाच-सात अंश उतरलेले असते. फ्लोरिडा जातीचा बास अशा थंडीने विशेष रुसतो. तो फार दूर जात नाही, जवळच्या खोल कडेला किंवा झाडाच्या बुंध्याला चिकटून बसतो आणि तोंडासमोर आल्याशिवाय काही घेत नाही. अशा दिवशी जिग घेऊन एकेका खोडाशी पाच-पाच मिनिटे बसावे, किंवा सरळ तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी.

घरट्यावर बसलेला मासा दिसतो. तो धरावा का?

टेक्सासमध्ये विणीच्या काळात बंदी नाही, त्यामुळे कायद्याने तो धरता येतो आणि अनेक नामांकित स्पर्धक धरतातही. तरीही मी धरत नाही.

त्याचे कारण कळण्यासाठी मार्चच्या मध्यास एखाद्या शांत कोव्हमध्ये ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावून दहा मिनिटे उभे राहावे. काळपट तळावर दोन-तीन फूट व्यासाची एक फिकट, गोल, झाडून काढल्यासारखी थाळी दिसते. ती खरोखरच झाडलेली असते. नर बास शेपटीने चिखल उडवून खालची खडी उघडी करतो आणि त्या कामात त्याच्या शेपटीची खालची कड सोलवटून लाल होते. मादी येते, अंडी घालते आणि थोड्या वेळात निघून जाते. पुढचे सगळे नराकडे असते: अंडी फुटेपर्यंतचे तीन-चार दिवस आणि त्यानंतर पिल्ले पोहू लागेपर्यंतचे आणखी काही दिवस तो तेथून हलत नाही. थाळीपासून हातभर अंतरावर पाच-सहा ब्लूगिल घिरट्या घालत असतात. नराला गळाने उचलून, मोजून, छायाचित्र काढून दोन मिनिटांनी परत सोडले, तरी तेवढ्या वेळात ते आत शिरलेले असतात. शिवाय तो आमिष भुकेने घेत नाही, घरट्यातून कचरा उचलून फेकावा तसा तोंडात धरतो. त्यात माझे कौशल्य ते काय?

ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी निदान मासा तत्काळ, त्याच जागी सोडावा.

परवाना आणि नियम काय आहेत?

सतरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. त्याहून लहान मुलांना तो लागत नाही. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ टेक्सासमध्ये राहणारी व्यक्ती ‘रहिवासी’ धरली जाते, त्यामुळे कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी परराज्यातील लोकांसाठीचा महागडा परवाना घेण्याचे कारण नाही. परवान्याचे वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे चालते. फेब्रुवारीत घेतलेला परवाना पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालेल असे गृहीत धरून एका मित्राने ऑक्टोबरमध्ये दंड भरला आहे.

राज्यभर लार्जमाउथ बाससाठी किमान १४ इंच लांबी आणि दिवसाला पाच मासे हा सर्वसाधारण नियम आहे, पण लेक फोर्कचा नियम वेगळा असून तो नीट समजून घ्यावा. येथे १६ इंचांपर्यंतचा मासा ठेवता येतो, २४ इंच किंवा त्याहून मोठा ठेवता येतो, आणि मधला प्रत्येक मासा सोडावाच लागतो. एकूण पाचांत २४ इंचांहून मोठा फक्त एकच असू शकतो. वाढत्या वयाचे आणि विणीचे मासे वाचावेत हा त्यामागचा हेतू आहे. मोजपट्टी जवळ असावी. ‘अंदाजे’ हा शब्द वॉर्डनला, म्हणजे तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, समजत नाही.

चुकून फारच मोठा मासा लागला तर?

तो तेरा पौंडांचा किंवा त्याहून अधिक असेल आणि तारीख १ जानेवारी ते ३१ मार्च या दरम्यानची असेल, तर टेक्सास राज्याला तो काही दिवसांसाठी उसना हवा असतो. ‘शेअरलंकर’ नावाच्या या योजनेत मासा बोटीच्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवून कळवायचे असते. मग सरकारी कर्मचारी येऊन तो अथेन्स या गावातील मत्स्यकेंद्रात नेतात, त्याच्यापासून पिल्ले तयार करून ती राज्यातील तलावांत सोडतात आणि मूळ मासाही परत सोडतात. योजना १९८६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातील पहिला मासा, १७.६७ पौंडांची ‘एथेल’ ही मादी, लेक फोर्कचीच होती.

बास खाण्यास कसा असतो?

चांगला असतो. मांस पांढरे आणि घट्ट असते, चवीला सौम्य, आणि आले-लसूण, हळद, तिखट लावून रव्यात घोळवून तळले तर पाहुण्यांना ओळखू येत नाही. त्वचेला मात्र चिखलाचा वास असतो, म्हणून कातडे काढूनच करावा. माझा सल्ला असा की खायचेच असेल तर १४-१५ इंचांचे मासे ठेवावेत. ते चवीला बरे असतात आणि त्यांच्या जाण्याने तलावाचे फारसे नुकसान होत नाही. मोठा, जुना मासा चवीला निबर असतो आणि अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असल्याने त्याच्या अंगात पारा साठण्याची शक्यताही अधिक असते. पूर्व टेक्सासमधील कॅडो तलावासारख्या काही ठिकाणच्या बासबाबत राज्याच्या आरोग्य खात्याने तसा इशाराही दिलेला आहे. गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांच्या पालकांनी त्या त्या तलावाची सूचना वाचूनच ठरवावे. निव्वळ जेवणासाठी जाणाऱ्याने क्रॅपी धरावा. तो बासपेक्षा सरस लागतो.

सोडायचा मासा कसा हाताळावा?

हात आधी पाण्यात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच थर त्याला बुरशीपासून वाचवतो. दोन-तीन पौंडांचा मासा खालच्या ओठाला धरून उभा उचलला तर चालते, पण अंड्यांनी भरलेल्या सात पौंडी मादीला नुसत्या ओठाने आडवे तोलून धरले तर जबडा निखळतो. दुसरा हात पोटाखाली द्यावा. गळ खोल गेला असेल तर चिमट्याने जमेल तेवढेच करावे, नाहीतर तंगूस गळाशी कापून मासा सोडावा.

उत्तरेकडील राज्यांत राहणाऱ्यांना हे लागू पडते का?

तापमानाचे तर्क सर्वत्र तेच, मात्र सर्व काही महिना-दोन महिने उशिरा घडते. नियम मात्र वेगळे असतात. न्यूयॉर्क राज्यात बास घरी नेण्याचा हंगाम १५ जूनला उघडतो आणि त्यापूर्वीच्या वसंतात लागलेला मासा सोडावा लागतो.

मुलांना बरोबर न्यावे का?

अवश्य न्यावे, पण हवेवर जाऊ नये. बाहेर ७० अंशांचे ऊन असले तरी पाणी ५२ अंशांचे असते, आणि त्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच अडखळतो. चांगला पोहणाराही अशा वेळी पोहू शकत नाही. तेरा वर्षांखालील मुलांनी छोट्या बोटीत लाइफ जॅकेट घातलेले असणे टेक्सासमध्ये बंधनकारक आहे. मोठ्यांनी ते न घालण्याचे एकही कारण मी आजवर ऐकलेले नाही. लेक फोर्कवर खोडांतून काढलेल्या बोटमार्गाबाहेर वेगाने जाऊ नये. पाण्याखाली अर्ध्या फुटावर असलेले खोड दिसत नाही आणि त्यावर मोटार आपटली की दुरुस्तीचा खर्च चार आकडी होतो. हा आकडा मला माझ्याच खर्चाने कळलेला आहे.

परत निघताना काही करायचे असते का?

होय, आणि तेही कायद्याने. बोटीतील, टाकीतील, मासोळ्यांच्या बादलीतील सारे पाणी तेथेच ओतून द्यावे लागते आणि बोटीला, ट्रेलरला चिकटलेली वनस्पती काढावी लागते. जायंट साल्व्हिनिया ही तरंगती वनस्पती २०१८ मध्ये लेक फोर्कमध्ये सापडली. आपल्याकडील जलपर्णीसारखीच ती पाहता पाहता अख्खा कोव्ह झाकून टाकते, खाली ऊन पोहोचू देत नाही आणि पाण्यातला प्राणवायू संपवते. रुपयाच्या नाण्याएवढे, वर बारीक केसांची लव असलेले जोडपान असे तिचे रूप असते. ट्रेलरच्या रुळांच्या मागच्या बाजूला, दिव्यांच्या तारांच्या खोबणीत आणि मोटारीच्या पंख्याच्या मुळाशी ते सहसा चिकटलेले असते, तेव्हा तिन्ही जागा बोटांनी चाचपून पाहाव्यात आणि सापडलेले पान पाण्यात न टाकता काठापासून दूर, कोरड्या जागी टाकावे.